जुन्या अँप्लिफायरची नवी घडण

कोल्हापूरच्या गुजरीत जुना दागिना मोडीत घालणे हा नित्याचा व्यवहार आहे. दागिना हाती येताच सराफ मूस तापवीत नाही. प्रथम तो वजन करतो, कस पाहतो, जडावाचे खडे व मोती अलगद काढून गिऱ्हाइकाच्या हाती देतो, आत भरलेली लाख वजा करतो आणि मगच मोडीचा हिशेब मांडतो. सोने आगीतून जाऊन सोनेच राहते. मोती राहत नाही. म्हणून जे आगीत टिकणार नाही ते आधी बाजूला काढावे, हा या व्यवसायाचा पहिला धडा होय. व्यापारी घरांतील मुलांना तो कोणी मुद्दाम शिकवीत नाही. पेढीवर बसता बसता तो अंगवळणी पडतो.

हाच धडा आज एका वेगळ्या वस्तूला लावण्याची वेळ आली आहे. मागील पिढीने हौसेने घेतलेले स्टिरिओ अँप्लिफायर, ट्यूनर आणि टेप डेक आज अनेक घरांच्या माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेले आढळतात. त्यांतील बरेचसे बंद पडले आहेत. घरातील महाविद्यालयीन तरुण ते खाली उतरवतो, पुसतो आणि म्हणतो, याच्या आत आपण संगणक बसवू. जगभर अनेक हौशी मंडळी हा उद्योग करतात. तो अवघडही नाही आणि निरर्थकही नाही. मात्र मोडीचा नियम येथेही पाळावा लागतो, आणि तो पाळला गेला नाही तर होणारी हानी कोणत्याही किमतीला भरून निघत नाही.

प्रथम हे संच एवढे मोलाचे का वाटतात ते पाहू. १९७० आणि १९८०च्या दशकांत परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. कॉस्मिक, सोनोडाइन यांसारख्या देशी नावांचा संच, किंवा आखातातून परतणाऱ्या एखाद्या नातलगाने आणलेला जपानी संच, दिवाणखान्यात मानाच्या जागी बसे. घासून चकाकी मोडलेल्या ॲल्युमिनियमचा दर्शनी पत्रा, हाताला जड लागणारी खुंटी, दिव्याच्या पिवळ्या उजेडात हलणारे काट्यांचे दोन मीटर आणि मागे पोलादी पत्र्याची भक्कम पेटी, अशी त्यांची बांधणी असे. एकावर एक रचता यावेत म्हणून बहुतेक संचांची रुंदी सुमारे ४३ सेंटिमीटर ठेवलेली असे. एवढे मजबूत कवच आज संगणकासाठी नवे घडवायचे म्हटले तर घडणावळच जड जाईल.

दुसऱ्या बाजूला संगणक मात्र आक्रसत गेला. २००१ साली ‘मिनी-आयटीएक्स’ या मापाचा मदरबोर्ड पुढे आला. त्याची लांबी-रुंदी प्रत्येकी १७ सेंटिमीटर. २०१२ साली आलेला ‘रास्पबेरी पाय’ तर एटीएम कार्डाएवढ्या पाटीवर मावतो. ४३ सेंटिमीटर रुंदीच्या पेटीत १७ सेंटिमीटरचा चौकोन ठेवला तर निम्म्याहून अधिक जागा मोकळी राहते. घरच्या कामासाठी, म्हणजे पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर प्रवचन वा चित्रपट पाहणे यांसाठी, एवढा संगणक पुरेसा आहे.

एका यंत्रावरून दुसरे यंत्र घडवण्याची ही वृत्ती कोल्हापूरला नवी नाही. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपट दाखवण्याचा व्यवसाय आरंभला आणि त्याच काळात स्वतःचा कॅमेरा जुळवण्याचा ध्यास घेतला. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांच्या यंत्रणेत एक मूलभूत साम्य असते: दोहोंतही फीत क्षणभर थांबते, पुढे सरकते आणि पुन्हा थांबते. एकात प्रकाश बाहेर पडतो, दुसऱ्यात आत येतो. १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले, तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ साली त्यांनी चालता कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. खरी कॉर्नरला आज कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. जिनमंदिरासमोरील मानस्तंभ पाहून अहंकार गळावा अशी आपली परंपरा सांगते. या मानस्तंभासमोरही, तयार वस्तू विकत घेण्यातच धन्यता मानणाऱ्या आपल्या पिढीने क्षणभर नम्र व्हावे. बाबूरावांच्या उदाहरणातून ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की हात घालण्यापूर्वी त्यांनी यंत्र समजून घेतले होते.

आता एक घर कल्पावे. शाहूपुरीत वा लक्ष्मीपुरीत अशी घरे गल्लोगल्ली सापडतील. आजोबांनी चाळीस वर्षांपूर्वी घेतलेला संच आहे. रेडिओ, टेप आणि अँप्लिफायर एकाच पेटीत. त्याचा एक स्पीकर कधीचाच मुका झाला आहे. नातवाला त्यात संगणक बसवायचा आहे. वडिलांच्या मते तो थेट भंगारात द्यावा, कारण माळ्यावरची जागा हवी आहे. सुनेच्या हाती मात्र संचासोबत बुटांच्या खोक्यात ठेवलेल्या वीस-पंचवीस कॅसेट लागतात. त्यांतील एकीवर निळ्या शाईने लिहिले आहे, ‘पर्युषण, सौ.चा आवाज’. आजी जाऊन बारा वर्षे झाली आहेत. आजोबा नातवाला अडवत नाहीत. ते एवढेच म्हणतात, “उघडायचा तर उघड बाळ, पण तुझ्या आज्जीचं स्तवन आधी उतरवून घे.”

आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसे’त द्रव्याचे स्वरूप समजावताना सुवर्णघटाचा दृष्टांत दिला आहे. सोन्याचा घट मोडून मुकुट केला. ज्याला घट हवा होता तो दुःखी झाला, ज्याला मुकुट हवा होता तो हर्षित झाला, आणि ज्याला केवळ सोने हवे होते तो समभावाने राहिला. पर्याय नष्ट होतो, पर्याय उत्पन्न होतो, द्रव्य ध्रुव राहते. वरील घरात नातू मुकुटाची वाट पाहतो आहे. आजोबांना घटाचे दुःख व्हावयास हरकत नव्हती, पण त्यांनी सोन्याकडे बोट दाखवले. शास्त्रदृष्टीने पाहिले तर पुद्गल कोठेही गेला तरी पुद्गलच आहे. त्याची काळजी करण्याचे कारण नाही. लौकिक व्यवहारात मात्र त्या घरापुरते सोने म्हणजे चुंबकीय फितीवरील तो आवाज. पेटीतील टेप यंत्रणा उखडली गेली आणि दुसरी मिळाली नाही, तर फीत शाबूत असूनही घरच्यांसाठी ती मुकी होईल.

म्हणून अशा कामाची पहिली पायरी पेचकस नव्हे, आवाज उतरवणे ही आहे. कॅसेट लावण्यापूर्वी तिच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन छोटे कान मोडून टाकावेत, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ आवाज पुसला जाणार नाही. यंत्राचे हेड आणि रबरी रोलर कापसाच्या काडीने स्वच्छ करावेत; हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल उत्तम. कोल्हापूरच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरलेली असेल तर ती कॅसेट तशीच चालवू नये. जाणकाराकडून साफ करून घ्यावी. टेप फिरत नसेल तर बहुधा आतील रबरी पट्टा सैल झालेला किंवा विरघळलेला असतो, आणि तो बदलता येतो. टेपच्या ‘लाइन आउट’मधून वायर काढून ती संगणकाच्या ‘लाइन इन’ला जोडावी, लॅपटॉपला तशी सोय नसल्यास यूएसबीवर चालणारे छोटे साउंड कार्ड घ्यावे. ‘ऑडॅसिटी’ हा विनामूल्य प्रोग्राम ध्वनिमुद्रणास पुरेसा आहे. कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाने उतरवले तर मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ६०० मेगाबाइट. शंभर कॅसेट झाल्या तरी ६० गिगाबाइटच्या आसपास. त्या १२८ गिगाबाइटच्या एका पेन ड्राइव्हमध्ये मावतात. प्रत दोन ठिकाणी ठेवावी, त्यातील एक दुसऱ्या घरी. हे काम वेळखाऊ आहे, कारण ६० मिनिटांची कॅसेट उतरवण्यास ६० मिनिटेच लागतात. पण ती ६० मिनिटे घरातील सर्वांनी एकत्र बसून ऐकली तर वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.

दुसरी पायरी, संच खरोखर मेला आहे की नाही याची खात्री. पुष्कळदा आजार किरकोळ असतो आणि रोगी मृत समजला जातो. खुंटी फिरवताना खरखर येत असेल तर आत धूळ बसली आहे. साफ केली की आवाज निर्मळ होतो. सतत घुमल्यासारखा ‘हम्म’ असा नाद येत असेल तर वीजपुरवठ्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकले असण्याचा संभव अधिक. एक बाजू मुकी असेल तर निवडीचा स्विच, रिले किंवा एखादा सैल झालेला झाळ यांपैकी काहीतरी असते. हे दोष जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याला आजही काढता येतात. याउलट ट्रान्सफॉर्मर जळाला असेल, किंवा सान्योच्या एसटीके मालिकेतील आयसी गेले असतील, तर दुरुस्ती अवघड होते. त्या आयसींचे उत्पादन केव्हाच थांबले असून बाजारात नकली मालही पुष्कळ आहे. जो संच थोड्या खर्चात गाऊ शकतो त्याचे पोट फाडून संगणक बसवणे म्हणजे वापरातला चांगला दागिना केवळ हौसेसाठी मोडण्यासारखे आहे. दुरुस्त होत असेल तर दुरुस्ती, होत नसेल तर रूपांतर, आणि तेही शक्य नसेल तरच भंगार, असा क्रम ठेवावा.

तिसरी पायरी पेटी उघडण्याची. येथे आपल्या घरच्या संस्कारांचा थेट उपयोग होतो. अनेक वर्षे पडून असलेल्या संचात कोळी, मुंग्या, झुरळे यांनी वस्ती केलेली असते. तो खाली आणल्यावर लगेच आपटून झटकू नये. मोकळ्या जागेत ठेवून, मऊ कुंचल्याने हळुवार झाडून, जीवांना बाहेर पडण्यास अवसर द्यावा. ‘तत्त्वार्थसूत्रा’त सांगितलेल्या पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पुसून, जयणेने वागणे. मुनींसाठी ती पूर्णत्वाने सांगितली असली तरी श्रावकाला तिचा अंश पाळण्यास कोणी मज्जाव केलेला नाही.

जयणा जशी दुसऱ्या जीवांची, तशी स्वतःचीही हवी. प्लग काढल्यानंतरही अँप्लिफायरच्या मोठ्या कपॅसिटरांत विजेचा साठा राहू शकतो. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत तर तो शेकडो व्होल्टचा असतो आणि जिवावर बेतू शकतो. असा रेडिओ नवख्याने उघडूच नये. ट्रान्झिस्टरच्या संचातही प्लग काढून बराच वेळ थांबावे, मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे आणि साठा उरला असेल तर योग्य रेझिस्टरमधून तो उतरवावा. पेचकसाने दोन टोके जोडून ठिणगी काढण्याची जुन्या मिस्त्रींची रीत अनुकरणीय नाही. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावे. उघडल्यावर प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि स्क्रू वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. पुढचा पत्रा, खुंट्या, मीटर, पाय आणि वरचे जाळीदार झाकण जपून ठेवावे. ट्रान्सफॉर्मर, उष्णता वाहून नेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि जुन्या पाट्या काढून घ्याव्यात.

आता नवी घडण. संगणकाचा मदरबोर्ड नवाच घेतला पाहिजे असे नाही. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; विंडोज ११च्या अटींत न बसणारे अनेक कार्यालयीन संगणक त्यामुळे अडगळीत निघाले. त्यांवर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चांगली चालते. पडदा फुटलेल्या लॅपटॉपचा बोर्डही या कामास उत्तम, कारण तो चपटा असतो आणि वीज कमी खातो; मात्र त्याची जुनी बॅटरी फुगलेली असेल तर तिला टोचू वा दाबू नये, सुरक्षितपणे वेगळी करावी. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली की डिस्कचा फिरणारा भाग उरत नाही आणि तिची घरघर थांबते. पेटीच्या आत सात-आठ सेंटिमीटर उंची मिळत असेल तर मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि त्यावरचा बुटका पंखा आरामात बसतो.

बोर्ड थेट पत्र्यावर ठेवायचा नसतो. खाली पितळेचे छोटे खांब लावून तो अधांतरी बसवावा लागतो, नाहीतर पत्र्याशी संपर्क येऊन क्षणात निकामी होतो. खांबांची छिद्रे आणि मागील जोडण्यांची चौकोनी खाच शिवाजी उद्यमनगरातील एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये नेटकी करून मिळेल. लेथ आणि ड्रिलवर हात बसलेली माणसे या शहरात भरपूर आहेत. त्यांच्याकडे फक्त मापाचा कागद नेमका न्यावा. धातूचे सर्व काम बोर्ड आत ठेवण्यापूर्वी उरकावे. पोलादाचा कीस लोहचुंबकाने उचलता येतो, ॲल्युमिनियमचा येत नाही. तो कुंचल्याने आणि ओल्या फडक्याने टिपावा लागतो. कीसाचा एक कणही दोन तारांमध्ये अडकला तर सारी मेहनत वाया जाते.

वीजपुरवठ्याबाबत सोपा आणि सुरक्षित मार्ग असा, की २३० व्होल्ट पेटीत येऊच द्यायचे नाहीत. लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॅप्टर वापरावा. आत केवळ १२ किंवा १९ व्होल्ट जातील. पुष्कळ जुन्या संचांना दोनच पिनांचा प्लग असे, म्हणजे अर्थिंग नसे. धातूच्या पेटीत मुख्य वीज आणायचीच असेल तर तीन पिनांची वायर घेऊन अर्थिंग पेटीच्या पत्र्याला पक्के जोडले पाहिजे, आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतले पाहिजे.

संच चालू करण्याचा जुना स्विच हा या रूपांतरातील गमतीचा भाग आहे. अँप्लिफायरचे बटण दाबले की आत अडकून राहते. संगणकाला मात्र क्षणभराचा स्पर्श हवा असतो. बटण अडकून राहिले तर संगणक सुरू होऊन काही सेकंदांत आपोआप बंद पडतो आणि नवशिक्याला वाटते, बोर्ड बिघडला. उपाय साधा आहे: जुन्या बटणामागील अडकण काढावी किंवा त्यामागे दाबताच सुटणारा छोटा स्विच बसवावा. आवाजाच्या मूळ खुंटीचाही उपयोग होतो. संगणकाचा ध्वनी तिच्यातून नेऊन १२ ते २४ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या डिजिटल अँप्लिफायरच्या पाटीला द्यावा आणि तेथून जुन्या स्पीकरांना. स्पीकरवर लिहिलेले ओहमचे माप आणि पाटीची क्षमता जुळते ना, तेवढे पाहावे. काट्यांच्या मीटरांनाही छोटा जोडमंडल दिला की ते पूर्वीप्रमाणे डोलू लागतात. अशा रीतीने पेटी केवळ संगणकाचे कवच राहत नाही. ती पुन्हा गाते.

दोन गोष्टी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. धातूच्या बंद पेटीत वाय-फायच्या लहरी नीट पोहोचत नाहीत, म्हणून अँटेना मागील पत्र्याबाहेर काढावी. आणि वरच्या झाकणाची जुनी छिद्रे कधीही झाकू नयेत. त्यावर पुस्तके वा शोभेचे रुमाल ठेवू नयेत. छिद्रांच्या आतून बारीक जाळी लावली तर गरम हवा बाहेर पडते, मुंग्या व पाली आत शिरत नाहीत, आणि विजेच्या संपर्काने होणारी त्यांची हिंसाही टळते.

आता जमाखर्च. व्यापारी घरात तो मांडल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. पैशाच्या दृष्टीने या उद्योगात मोठी बचत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. संगणकातील सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक म्हणजे त्याची पेटी. बचत होते ती तेवढीच, आणि छिद्रे, खांब, ॲडॅप्टर यांत तीही संपते. शिवाय आतील संगणकाचे मूल्य झपाट्याने उतरते. आयकराच्या नियमांत व्यवसायातील संगणकावर घटत्या शिल्लकेने ४० टक्के घसारा धरतात. म्हणजे १०० रुपयांचे पहिल्या वर्षाअखेर ६०, दुसऱ्या वर्षी ३६ आणि तिसऱ्या वर्षाअखेर २२ रुपयांहून कमी. घरगुती संगणकाला ही सवलत नाही, पण मूल्य उतरण्याचा वेग त्यावरून उमगतो. जुने कवच मात्र चाळीस वर्षे टिकले आहे आणि आणखी चाळीस टिकू शकते. त्याच्या पोटातील पाटी पाच-सात वर्षांनी बदलावी, कवच तेच ठेवावे. खरा लाभ असेल तर तो या दीर्घायुष्यात आहे, आणि नातवाला कळलेल्या चार गोष्टींत: वीज कशी वाहते, धातू कसा कापतात आणि हात घालण्यापूर्वी विचार का करतात.

परिग्रह-परिमाणाच्या दृष्टीनेही दोन बाजू पाहाव्यात. नवी वस्तू न घेता जुनीला पुन्हा कामाला लावणे हे व्रताला धरून आहे. परंतु एक संच यशस्वी झाला म्हणून ओळखीच्या घरांतून दहा संच गोळा करून माळा भरणे हा परिग्रहच होय. त्याला छंदाचे नाव दिल्याने तो हलका होत नाही. घरास एक पुरे.

शेवटी उरलेल्या वस्तूंचे काय? काढलेला ट्रान्सफॉर्मर काही किलोंचा भरतो, त्यात तांबे असते. जुन्या पाट्यांच्या झाळात शिसे असते. तांब्यासाठी वायर जाळणे हा प्रकार भंगाराच्या धंद्यात होतो; त्या धुराने माणसांचे आणि असंख्य जीवांचे नुकसान होते. पाच समितींतील शेवटची उत्सर्ग समिती टाकाऊ वस्तू कोठे व कशी टाकावी याविषयीच आहे. देशात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत आणि त्यांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जावयास हवा. भंगारवाला दाराशी येऊन चार पैसे अधिक देतो म्हणून तो त्याच्या हाती सोपवू नये. वस्तू आपल्या दारातून गेली म्हणजे तिचे उत्तरदायित्वही गेले, असे आपले शास्त्र मानत नाही.

दिवाळीत वीर निर्वाणाच्या उत्सवाबरोबर वहीपूजन होते. पूर्वी लाल कापडाच्या वह्या मांडल्या जात. आता अनेक पेढ्यांवर संगणकालाही कुंकू लागते. वर कल्पिलेल्या त्या घरात, सारे योग्य क्रमाने झाले असेल, तर दिवाळीच्या संध्याकाळी आजोबांच्या जुन्या अँप्लिफायरसमोर निरांजन ठेवलेले असेल. नातू बटण दाबील, पिवळा दिवा लागेल आणि त्याच जुन्या स्पीकरांतून आजीचे स्तवन घरभर ऐकू येईल. ते ऐकताना घट गेल्याचे दुःख आणि मुकुट मिळाल्याचा हर्ष दोन्ही थोडे शांत होतील. गुजरीतला सराफ आधी मोती काढून देतो तो याचसाठी. ज्यांच्या घरी अशा कॅसेट अजून खोक्यात आहेत, त्यांनी पेटी उघडण्याचा बेत पुढे ढकलला तरी चालेल. कॅसेट उतरवण्याचा मात्र या पर्युषणाच्या आत पूर्ण करावा.